वाचकांचे प्रश्न : मोजणे, ऐकणे आणि त्यांमधला सांधा

परिचर्या क्षेत्रातील संशोधनावर या सदरात मागे लिहिताना मिश्र संशोधनपद्धतीचा, म्हणजे एकाच अभ्यासात आकडेही गोळा करायचे आणि माणसांचे बोलणेही ऐकायचे या पद्धतीचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब असल्याने ती संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कमी वजनाच्या बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी धरण्याविषयी मातांचे ज्ञान आणि त्यांचे प्रत्यक्ष आचरण, असा माझा विषय आहे. माझ्या प्रश्नावलीत तीस प्रश्न पर्यायी उत्तरांचे असून शेवटी ‘आपल्याला आणखी काही सांगायचे आहे का?’ असा एक मोकळा प्रश्न ठेवला आहे. याला मिश्र पद्धती म्हणता येईल का? माझ्या गाइड म्हणतात, खिचडी करू नकोस, आकडे घे आणि मोकळी हो. (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : नाही, म्हणता येणार नाही, आणि तुमच्या गाइडना वाटणारी धास्ती अगदीच अनाठायी आहे असेही नाही. प्रश्नावलीच्या तळाशी सोडलेल्या दोन ओळींत बहुतेक माता ‘काही नाही’ किंवा ‘सगळ्या सिस्टर चांगल्या आहेत’ एवढेच लिहितात, आणि प्रबंधात त्याचा एक परिच्छेद होतो. मिश्र पद्धतीत संख्यात्मक भाग आणि गुणात्मक भाग हे दोन्ही आपापल्या शिस्तीने, म्हणजे स्वतःचा नमुना (अभ्यासासाठी निवडलेली माणसे), स्वतःची साधने आणि स्वतःचे विश्लेषण घेऊन उभे असावे लागतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कुठेतरी एकमेकांना जोडलेले असावे लागतात. हा सांधा नसेल, तर एकाच पुठ्ठ्यात बांधलेले दोन अभ्यास तेवढे हाती येतात.

तुमचाच विषय घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला दिवसातून ८ ते २४ तास, जितके अधिक जमेल तितके, असे छातीशी धरायला हवे. आता समजा, शंभर मातांची ज्ञानचाचणी तुम्ही घेतली, खाटेशी लावलेल्या नोंदपत्रकावरून प्रत्येकीचे रोजचे तास मोजले, आणि असे दिसले की चाचणीत पैकीच्या पैकी गुण असलेल्या कितीतरी मातांचे तास तीन-साडेतीनच्या पुढे जात नाहीत. केवळ आकड्यांवर थांबणारा अभ्यास येथे ‘ज्ञान आणि आचरण यांत लक्षणीय सहसंबंध आढळला नाही’ असे लिहून ‘मातांना अधिक आरोग्यशिक्षण द्यावे’ ही शिफारस करील. जे त्यांना ठाऊकच आहे, तेच पुन्हा शिकवायचे.

या ठिकाणी मिश्र पद्धती वेगळे वळण घेते. शंभरांच्या यादीतून गुण चांगले पण तास कमी असलेल्या सात-आठ माता, आणि गुण बेताचे पण तास भरपूर असलेल्या तितक्याच माता निवडून त्यांच्याशी निवांत बोलायचे. आमच्यासारख्या वॉर्डात वावरलेल्या माणसाला उत्तरांचा अंदाज असतो: सिझेरियनचे टाके ओढतात, मागे टेकायला कलती खुर्ची नसून पत्र्याचे स्टूल आहे, संध्याकाळी भेटीच्या वेळी शेजारच्या खाटेचे दीर-सासरे येऊन बसतात आणि बाई गळ्यापर्यंत पदर ओढून बाळाला पुन्हा पाळण्यात ठेवते. अंदाज आणि पुरावा यांत मात्र अंतर असते, आणि दुसऱ्या गटातील मातांनी हेच अडथळे कसे ओलांडले हे तर अंदाजानेही कळत नाही. आकड्यांनी कोणाला विचारायचे हे ठरवून दिले आणि बोलण्याने आकड्याचा अर्थ लावला. तुमच्या अभ्यासातला सांधा तो हा.

या रचनेत आधी मोजायचे आणि मग विचारायचे असते. तिला स्पष्टीकरणात्मक क्रमिक रचना म्हणतात. तिच्या उलट, आधी ऐकायचे आणि ऐकलेल्यातून प्रश्नावली घडवून मग मोजायचे, ती शोधक क्रमिक रचना. ज्या विषयावर आपल्याकडच्या रुग्णांसाठी तयार मोजमापच नाही तिथे ती उपयोगी पडते. दोन्ही कामे एकाच काळात करून शेवटी निष्कर्ष समोरासमोर ठेवायचे, ती अभिसारी रचना. क्रेसवेल आणि प्लॅनो क्लार्क या संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांच्या मांडणीतून ही तीन नावे आता सर्वत्र रुळली आहेत. प्रबंधाच्या मुदतीत एकटीने काम करणाऱ्या विद्यार्थिनीने पहिली रचना घ्यावी असे मी सुचवीन, कारण दुसरीत साधन तयार करून त्याची विश्वसनीयता तपासण्यातच वर्ष निघून जाते, आणि तिसरीत एकाच वेळी दोन आघाड्यांवर पळावे लागते.

दोन्ही भागांना सारखेच वजन द्यावे लागते असा एक गैरसमज आहे. जेनिस मोर्स या परिचर्या संशोधकाने १९९१ मध्ये ही गोष्ट दाखवणारी एक साधी खूणपद्धती मांडली. मुख्य भागाचे इंग्रजी नाव मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) आणि पूरक भागाचे लहान लिपीत लिहायचे. दोन्ही एकाच वेळी होत असतील तर मध्ये अधिकचे चिन्ह, एकामागून एक होत असतील तर बाण. तुमच्या अभ्यासात संख्यात्मक भाग मोठा, मग बाण, मग गुणात्मक भाग लहान. ही एक ओळ सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याच्या, पहिल्या पानावर असली की गाइडची खिचडीची शंका निम्मी कमी होईल.

एक धोक्याची सूचना देतो, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे. अध्यापनाच्या सुरुवातीच्या काळात मी केलेल्या अभ्यासात प्रामाणिकपणाच्या भरात सगळ्या प्रश्नावल्या निनावी भरून घेतल्या. विश्लेषणात अत्यंत लक्षवेधी अशी सहा उत्तरे सापडली, आणि ती सहा माणसे कोण, हे सांगणारे जगात कोणीही उरले नव्हते. दुसऱ्या टप्प्यात परत जायचे असेल, तर प्रत्येक अर्जावर सांकेतिक क्रमांक हवा, क्रमांक आणि नावे यांची यादी वेगळी, कुलपात हवी, आणि ‘आपल्याशी पुन्हा संपर्क साधला तर चालेल का?’ ही परवानगी पहिल्याच संमतिपत्रात घेतलेली हवी. एथिक्स कमिटीलाही हे दोन्ही टप्पे सुरुवातीलाच दाखवावे लागतात.

प्रश्न : मी एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. आमच्याकडे खिळून असलेल्या रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलल्याच्या नोंदी पूर्ण असतात, तरी बेडसोर होतात. मी दोन महिन्यांच्या नोंदी काढल्या आणि काही सिस्टर व नातेवाइकांशी बोलले. नोंदी एक सांगतात, माणसे दुसरेच सांगतात. आता कोणते खरे धरायचे? (वॉर्ड इन्चार्ज, सोलापूर जिल्हा)

उत्तर : आपण संशोधनाची परिभाषा न वापरता त्यातला सर्वांत कठीण प्रश्न विचारला आहे. दोन्ही बाजू एकच सांगत असतील, तर संशोधक खूश होऊन ‘निष्कर्षांची पुष्टी झाली’ असे लिहितो आणि फारसे काही शिकत नाही. ग्रीन, काराचेली आणि ग्रॅहम या संशोधकांनी १९८९ मध्ये मिश्र पद्धती वापरण्याची पाच प्रयोजने सांगितली; त्यांत पडताळा घेणे हे एक प्रयोजन आहे, तसेच विसंगती शोधून तिच्यातून नवा प्रश्न उभा करणे हेही आहे. तेव्हा ‘कोणते खरे’ असे न विचारता ‘कोणत्या परिस्थितीत दोन्ही खरे असू शकतील’ असे विचारून पाहावे.

कूस बदलल्याचा तक्ता म्हणजे रुग्णाच्या पाठीचा फोटो नव्हे. तो सिस्टरच्या दिवसातील एका कामाचा पुरावा आहे. रात्रपाळीला दोन सिस्टर, चाळीस रुग्ण, आणि त्यात एक पेशंट गंभीर झाला, तर दहा, बारा, दोन, चार या चारही चौकटींतील सह्या पहाटे साडेपाचला एकाच पेनाने होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. शाईचा रंग आणि अक्षराचा कल पाहूनही ते कळते. यात सरसकट खोटेपणा आहे असेही नाही, कारण पुष्कळदा कूस खरोखरच बदललेली असते, फक्त सांगितलेल्या वेळेला नव्हे. नातेवाईक म्हणतात ‘रात्री कोणी आले नाही’, तेव्हा तेही बहुधा खरेच सांगत असतात, पण ते दोन तास झोपलेले असतात हे सांगत नाहीत.

म्हणून तिसरी गोष्ट मोजावी लागते. प्रत्येक रुग्णाचा ब्रेडन मापनश्रेणीवरचा अंक भरतीच्या दिवशी आणि नंतर ठरावीक अंतराने नोंदवा. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचारिकांनी तयार केलेल्या या श्रेणीत संवेदना, ओलसरपणा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण असे सहा घटक असून एकूण अंक ६ ते २३ असतो; अंक जितका कमी तितका धोका जास्त, आणि सर्वसाधारणपणे १८ किंवा त्याखाली धोका मानला जातो. आता एक तक्ता करा. पहिल्या स्तंभात रुग्णाचा सांकेतिक क्रमांक व ब्रेडन अंक, दुसऱ्यात नोंदीतील कूसबदल, तिसऱ्यात सिस्टर आणि नातेवाईक यांनी सांगितलेले, आणि चौथा स्तंभ रिकामा. या तक्त्याला एकत्र मांडणी म्हणतात. सगळा अभ्यास त्या चौथ्या स्तंभात असतो. तिथे ‘अंक १७, आहार घटकात १, नोंद पूर्ण, सून म्हणते भात खात नाही म्हणून तीन दिवस चहा-बिस्किटावर’ असे काही लिहावे लागले, तर बेडसोरचा प्रश्न कुशीवरून ताटाकडे सरकतो. कुठे कुठे ‘नळी निघेल म्हणून हात लावायला भीती वाटली’ असेही मिळेल, आणि तेव्हा नातेवाइकांना शिकवायचे काय हे आपोआप ठरेल.

सांगणे आणि सापडणे यांतील अंतराचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमध्ये राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्त्रीरोगाच्या तक्रारी ५५ टक्के स्त्रियांनी सांगितल्या होत्या. तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला, आणि यापूर्वी अशी तपासणी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची झाली होती. हा अभ्यास मिश्र पद्धतीचा म्हणून मी सांगत नाही. पण ५५ आणि ९२ या दोन आकड्यांमध्ये जे काही आहे, ते तिसरा आकडा काढून कळणार नाही, त्या बायकांजवळ बसूनच कळेल.

आपल्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. मुलाखती आपण स्वतः घेऊ नका. आपण त्यांच्या रजा मंजूर करता आणि ड्युटी लावता. आपल्यासमोर कोणती स्टाफ सिस्टर म्हणेल की सह्या पहाटे केल्या? जवळच्या नर्सिंग महाविद्यालयातील एखाद्या अध्यापिकेला सोबत घ्या, आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीसमोर प्रस्ताव ठेवताना ‘या माहितीच्या आधारे कोणावरही प्रशासकीय कारवाई होणार नाही’ असे लेखी द्या. ते देता येत नसेल, तर हा अभ्यास हाती न घेतलेला बरा.

प्रश्न : परिचारिकेचे काम सेवेचे. त्यात हे आकडे, मुलाखती, तक्ते कशाला? माझी नात नर्सिंगला आहे आणि रुग्णांपेक्षा संगणकासमोरच जास्त बसलेली दिसते. (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : आपली चिंता समजते, पण हा रोग नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा कंदिलच आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत आला, त्यांच्या वह्या आल्या नाहीत. क्रिमियाच्या युद्धातील सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या संसर्गजन्य आजारांनी अधिक मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये पाकळ्यांसारख्या रंगीत आकृतीतून दाखवले, आणि त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. पुढच्याच वर्षी परिचर्येवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी रुग्णाच्या खोलीतील आवाज, उजेड, त्याच्या उशाशी चाललेली कुजबूज अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींवर पानेच्या पाने खर्च केली. मोजणे आणि निरखणे या दोन्हींना त्यांनी सेवेतच धरले होते. नातीला विचारा, ती संगणकावर काय भरते आहे. कदाचित ब्रेडनचेच अंक असतील.

प्रश्न : मी पीएच.डी. करते. माझ्या संख्यात्मक भागाचा नमुना सूत्राने निघाला, पण गुणात्मक भागासाठी ‘बारा मुलाखती पुरेत’ असे सगळे सांगतात. हे बारा कुठून आले? शिवाय माझ्या माता नंदुरबार भागातल्या, अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्या आहेत, आणि प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे. (संशोधक विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : बाराचा उगम बहुधा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या लेखात आहे. पश्चिम आफ्रिकेतील स्त्रियांच्या ६० मुलाखतींचे विश्लेषण करताना पहिल्या बारा मुलाखतींतच बहुतेक सगळे मुद्दे येऊन गेले, असे त्यांना दिसले. पण तो गट बऱ्याच अंशी एकसारखा होता आणि प्रश्न नेमके होते, हे त्यांनीच लिहिले आहे. आपण तेवढे सोडून बारा उचलले. नमुना काढण्याच्या चार गुणिले पी गुणिले क्यू भागिले डी वर्ग या सूत्रात (पी म्हणजे प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेले, डी म्हणजे चालणारी चूक) प्रमाण ५० टक्के आणि चूक १० टक्के धरली की उत्तर १०० येते, चूक ५ टक्के धरली की ४०० येते, आणि आपल्याला तशा ठाम उत्तराची सवय लागते. मुलाखतींचे गणित वेगळे असते. नवीन काही येईनासे झाले, म्हणजे संपृक्तता आली, की थांबायचे, आणि तुमच्याकडे तीन भाषागट असतील, तर ती थांबण्याची जागा प्रत्येक गटात वेगळी येऊ शकते. प्रस्तावात ‘बारा ते वीस, संपृक्ततेनुसार’ असा पल्ला द्या आणि का थांबलात ते प्रबंधात लिहा.

भाषेचा प्रश्न मला संख्येपेक्षा मोठा वाटतो. आई अहिराणीत बोलते, दुभाषी आशाताई ते मराठीत सांगतात, तुम्ही ते मराठीत उतरवता आणि विश्लेषणाला बसताना इंग्रजी करता. या तीन उड्यांत काय गळते, त्याचे एकच उदाहरण देतो. ‘जीव घाबरा होतो’ हे वाक्य इंग्रजीत गेले की त्याची चिंता होते, आणि संकेतांच्या, म्हणजे बोलण्यातल्या मुद्द्यांना दिलेल्या नावांच्या, यादीत ते मानसिक घटकांखाली जाऊन बसते. ती बाई कदाचित धाप लागते, छातीत धडधडते, असे शरीराचेच काही सांगत असेल, आणि बाळंतपणानंतर रक्त कमी असलेल्या बाईच्या बाबतीत हा फरक परिचारिकेने चुकवून चालणार नाही. तेव्हा संकेत लावण्याचे काम मूळ बोलीतील किंवा निदान मराठीत उतरवलेल्या मजकुरावरच करा, आणि इंग्रजी फक्त प्रबंधात उद्धृत करायच्या वाक्यांपुरती ठेवा. शक्य असेल तिथे मूळ वाक्य देवनागरीत छापून खाली भाषांतर द्या; परीक्षक नाराज होतील अशी भीती बाळगू नका.

येथेच मिश्र पद्धतीचा एक फायदाही मिळतो. तुमच्याकडे त्याच मातेचा हिमोग्लोबिनचा आकडा केसपेपरवर आहे. जिचे हिमोग्लोबिन ७ आहे आणि जी ‘जीव घाबरा होतो’ म्हणते, तिची मुलाखत आणि तो आकडा एका ओळीत ठेवा. जिचे ११ आहे आणि जी तेच म्हणते, तिचे बोलणे शेजारच्या ओळीत ठेवा. मग त्या वाक्याचे दोन अर्थ आहेत की एकच, हे तुम्हाला पाहता येईल, आणि तो निष्कर्ष केवळ आकड्यांतून किंवा केवळ मुलाखतींतून निघाला नसता.

शोधनिबंध पाठवताना ओकॅथन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मिश्र पद्धतीच्या लेखनासाठी सुचवलेले सहा मुद्दे जवळ ठेवा. त्यांतला एक असा आहे की दोन्ही भागांची जोडणी कुठे झाली, कशी झाली आणि ती कोणी केली, हे स्पष्ट सांगावे. ‘कोणी’ हा शब्द लक्षात घ्या. संख्याशास्त्रज्ञाने आकडे दिले आणि मुलाखती तुम्ही केल्या, तर दोघे एका टेबलाशी कधी बसलात ते लिहावे लागेल. आणि दुभाषी आशाताई त्या टेबलाशी असतील, तर त्यांचा उल्लेख आभारात न करता पद्धतीच्या प्रकरणात करा.